गळकी टाकी आणि गीहोनचा झरा

बायबलमध्ये पाणी पानोपानी भेटते. बहुतेक वाचक त्याकडे भक्तीची एक गोड उपमा म्हणून पाहतात. मी मात्र या उपमेपाशी यरुशलेमच्या भूगोलाच्या वाटेने आलो. हे शहर डोंगरावर वसलेले. जवळ मोठी नदी नाही. पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. ‘अनुवाद’ या ग्रंथात या प्रदेशाची मिसर देशाशी तुलना केली आहे. तिकडे माणूस कष्टाने शेताला पाणी देतो, इकडे जमीन आकाशाकडे पाहते. ईश्वरावर विसंबणे म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

पावसाचे पाणी खडकातल्या टाक्यांत साठवत. आपल्या गडांवरची टाकी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पण तिथला खडक चुनखडीचा, भेगाळ. म्हणून आतून चुन्याचा गिलावा करावा लागे. त्याला तडा गेला की पाणी गुपचूप झिरपून जाई, आणि ते कळे ऐन उन्हाळ्यात. यिर्मया संदेष्ट्याने नेमके हेच उचलले. लोकांनी जिवंत झरा सोडला आणि पाणी न धरणारी टाकी खोदली, असा त्याचा आरोप आहे. पुढे त्यालाच एका टाक्यात सोडण्यात आले. त्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता.

शहराचा जिवंत झरा म्हणजे गीहोन. इ. स. पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. बहुतेक अभ्यासकांच्या मते, त्याच सुमारास हिज्कीया राजाने ५३३ मीटर लांबीचे भुयार खोदून गीहोनचे पाणी शहरात वळवले. दोन टोकांकडून खोदत आलेले मजूर मधोमध भेटले. त्याची हकिगत सांगणारा सहा ओळींचा शिलालेख १८८० मध्ये सापडला; आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात टिकाव आहेत, खडकापलीकडून आलेली हाक आहे. उपलब्ध ओळींत राजाचे नाव नाही, देवाचेही नाही!

‘राजे’ या ग्रंथात या कामाची नोंद राजाच्या कर्तबगारीत होते. यशया संदेष्टा मात्र शहरवासीयांना खडसावतो: तटबंदी दुरुस्त केलीत, पाणी साठवलेत, पण हे ज्याने घडवले त्याच्याकडे पाहिले नाहीत. यावरून यशया खोदकामाच्याच विरोधात होता, असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. वेढ्याच्या भीतीत पाणी आत आणणे शहाणपणाचेच होते. यशयाचे बोट वेगळ्याच गोष्टीवर आहे. भुयार माणसांनी खोदले. गीहोन कोणी खोदला नव्हता. याच यशयाने आधी, आहाज राजाच्या काळात, शिलोहाच्या संथ पाण्याला विश्वासाचे प्रतीक केले होते आणि अश्शूरला फरात नदीच्या पुराची उपमा दिली होती.

दुसऱ्या मंदिराच्या काळात मांडवांच्या सणाला याच भुयाराच्या टोकाच्या शिलोह तळ्यातून सोन्याच्या भांड्यात पाणी नेत आणि सात दिवस वेदीवर ओतत. येशूने तहानलेल्यांना आपल्याकडे बोलावले ते याच सणात, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. सण येतो उन्हाळा संपता संपता. टाक्यांचा तळ दिसू लागलेला असतो आणि पाऊस अजून यायचा असतो.