पहिला डिजिटल कॅमेरा घेताना काय बघाल?

नोकरी लागल्यावर मी हौसेनं २० मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा घेतला आणि आमच्या बार्शीटाकळीच्या हेमाडपंती देवळात गेलो. आतल्या अंधारात सगळे फोटो दाणेदार आले. चूक माझीच, मी फक्त मेगापिक्सेल पाहिले होते.

१) मेगापिक्सेल: १२ × ८ इंचांच्या चांगल्या प्रिंटला ९ मेगापिक्सेलही पुरतात.

२) सेन्सर: प्रकाश यावरच पडतो. छोट्या कॅमेऱ्यात तो बहुधा ६.२ × ४.६ मिमी असतो, तर एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास १३ पट. सेन्सर मोठा, तर कमी उजेडातही फोटो स्वच्छ.

३) लेन्स: सोबत येणारी १८-५५ मिमी लेन्स देऊळ, घर, लग्नाला ठीक. काटेपूर्णा अभयारण्यातले पक्षी टिपायचे तर निदान ३०० मिमी हवी. त्यामुळे सगळं बजेट बॉडीवर उडवू नका.

४) खरेदी: पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी घ्याच. जुना घेत असाल तर शटर काउंट विचारा.

पैसे देण्याआधी स्वतःचं मेमरी कार्ड टाकून दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन फोटो काढा आणि झूम करून बघा.