पांधणीतली जीप

पवनार म्हटलं की धाम नदी आणि विनोबांचा आश्रम आठवतो. १९३८ साली प्रकृती खालावलेले विनोबा इथं राहायला आले ते मोटारीत बसून, धामच्या पुलावरून. पुढं त्यांनी भूदानासाठी पायी देश पालथा घातला, ती गोष्ट वेगळी. पण पक्का रस्ता सोडून शेताकडं वळलं की या भागात पांधण लागते. दोन्हीकडं धुरे आणि मधून बंडी जाईल एवढी वाट. उन्हाळ्यात तिथून काहीही जातं. आषाढात मात्र बैलांनाही ती अवघड होते, आणि साप चावलेला माणूस किंवा अडलेली बाळंतीण काही पावसाळा संपायची वाट पाहत नाही. घरची जीप थोडक्या पैशांत अशा वाटेसाठी कशी तयार करायची, हा प्रश्न त्यामुळं नुसत्या हौसेचा नाही. तो नवाही नाही.

मुळात अडचण मातीची. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि ते फुगतात. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली जमीन जुलैत लोण्यासारखी होते. अशा जमिनीवर वजन किती यापेक्षा ते किती जागेवर पसरलंय, हे महत्त्वाचं. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव अरुंद असते आणि ती दबत नाही. मग चाक पुरेशी जागा मिळेपर्यंत खाली रुतत जातं. मागं उरते खोल चाकोरी.

या चाकोरीवरून वर्ध्यात वादही झाला होता. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम पाहिलं. बैलगाडीला हवेचे रबरी टायर लावावेत, ही सूचना त्यांना पटत नव्हती. गुळगुळीत रस्ता हवा मोटारीला, मग त्याच्यासाठी खर्च शेतकऱ्यानं का करायचा, असा त्यांचा रोख होता. प्रश्न न्यायाचा होता आणि तो आजही सुटलेला नाही. पण चिखलाचं भौतिकशास्त्र रबराच्या बाजूनं होतं, असं मला वाटतं. त्याच वर्ध्यात जमनालाल बजाजांकडं फोर्ड मोटारीला बैल जुंपून केलेलं वाहन होतं आणि त्याला गमतीनं ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत, अशी आठवण सांगतात. इंजिन कुचकामी ठरलं तरी चाकं उपयोगी पडतात, एवढं त्यातून दिसतं.

साधारण त्याच काळात दुसऱ्या काही फोर्ड मोटारी लिबियाच्या वाळवंटात धावत होत्या. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी सुट्टी काढून, मित्रांच्या आणि स्वतःच्या खिशातून पैसे घालून या मोहिमा करी. गाड्या साध्या, फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या. त्यानं अनावश्यक वजन काढून टाकलं आणि टायरमधली हवा कमी केली. रुतलेल्या चाकाखाली घालायला पोलादी पन्हळी पट्ट्या घेतल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी बनलेल्या या पट्ट्या त्याला कैरोच्या भंगारात सापडल्या! रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारं पाणी वाचवायला त्यानं एक नळी बंद डब्यातल्या पाण्यात सोडली. वाफ तिथं थंड होऊन पाणी होई, आणि इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये दाब कमी होऊन ते पाणी परत ओढलं जाई. हाच माणूस पुढं वाऱ्यानं वाहणाऱ्या वाळूचा शास्त्रज्ञ म्हणून नावाजला. १९४१ सालचं त्याचं पुस्तक अजूनही अभ्यासलं जातं.

चारही चाकांना ताकद देणारी जीप आली ती १९४० साली. अमेरिकन सैन्याच्या मागणीवरून बँटम कंपनीनं पहिला नमुना त्या वर्षी सप्टेंबरात दिला. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. मुंबईत महिंद्रांनी त्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि जीप हा शब्द मराठी खेड्यात रुळला. फोर बाय फोरचा फायदा असा, की गाडीचं सगळं वजन पकड मिळवण्याच्या कामी येतं. पण साध्या डिफरन्शियलमधून दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखाच पीळ मिळतो. एक चाक चिखलात गरगर फिरू लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा पीळ. म्हणून फोर बाय फोरसुद्धा रुतते.

आता घरच्या जीपकडं. पहिला उपाय फुकटचा आहे. माणसांसह गाडी १२०० किलो धरली, तर प्रत्येक चाकावर ३०० किलो. हवा ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो असेल, तर टायर जवळपास १४० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकेल. १५ पौंडांवर हे क्षेत्र २८० च्या आसपास जाईल. टायरच्या भिंती ताठ असल्यामुळं प्रत्यक्षात थोडं कमी. वर्गात हे सायकलवर करून पाहता येतं. ओलं चाक वर्तमानपत्रावर टेकवायचं, मुलाला बसवायचं, हवा कमी करून पुन्हा टेकवायचं आणि दोन्ही डाग आलेखाच्या कागदावर मोजायचे. टायर कमी रुतला की चाकोरीही उथळ पडते, मागून येणाऱ्या बंडीवाल्याचा त्रास वाचतो.

दुसरा उपाय काही रुपयांचा. चालून तापलेला आस नाल्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बॅग्नोल्डला उपयोगी पडलेली युक्तीच इथं उलटते! आसावरच्या श्वासछिद्राला रबरी नळी जोडून ती बॉनेटपर्यंत वर आणली, की पाण्याऐवजी हवा आत जाते. इंजिनानं हवा ओढायची जागा मात्र पाण्याच्या वरच हवी. पाणी दाबलं जात नाही, ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात आणि तो खर्च घराला झेपणारा नसतो.

बाकी लागतं ते फावडं, जाड दोर, जॅकखाली घालायला रुंद फळी आणि चाकाला गुंडाळायला साखळी. मोठाले टायर आणि उंच केलेल्या स्प्रिंगा यांवर मी तरी पैसे घालणार नाही. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो आणि धुऱ्यावर चढताना ती कलंडू शकते. शिवाय काळ्या मातीत टायरच्या खाचा दोन फेऱ्यांतच भरतात, मग टायर कितीही महाग असला तरी गुळगुळीतच. संततधार लागली असेल आणि घाईचं कारण नसेल, तर दोन दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबणं बरं.

पांधण संपून डांबरी लागली की आधी हवा भरायची. मऊ टायर वेगात सारखा वाकतो, तापतो आणि फुटू शकतो. सायकलचा पंप चालतो, पण चार चाकांना हात भरून येतात. पायानं मारायचा पंप गाडीत ठेवावा.