ओएनटी कंपनीचा, राऊटर घरधन्याचा

फायबरची जोडणी घेतली की कंपनीने बसवलेला डबाच वापरायचा. आपला राऊटर लावला तर लाइन बिघडते आणि मग तक्रार कुणी ऐकत नाही, असे सगळीकडे धरून चालतात. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी)सारख्या गावात तर जोडणारा माणूस सांगेल तोच नियम.

या समजाची भक्कम बाजू आधी पाहू. घरोघरी फायबर नेण्याच्या जीपॉन पद्धतीत एकच फायबर स्प्लिटर लावून 32 किंवा 64 घरांत वाटतात. कंपनीकडून येणारा 1490 नॅनोमीटरचा प्रकाश सगळ्यांकडे पोचतो. पण घरातून परत जाणारा, 1310 नॅनोमीटरचा, ज्याने त्याने आपल्या पाळीलाच सोडायचा असतो. एखादा ओएनटी, म्हणजे घरातले प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे उपकरण, पाळी मोडून प्रकाश फेकत राहिला, तर त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांचे नेट बंद पडू शकते. म्हणूनच कंपनी ओएनटीचा सिरियल नंबर नोंदवून घेते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे.

मात्र तो ओएनटीपुरताच आहे. राऊटर फायबरमध्ये प्रकाशाचा कणही सोडत नाही. डबा एक असला तरी कामे दोन आहेत: प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणे आणि ते इंटरनेट घरात वाटणे. ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे फक्त पहिल्या कामापुरता, टाकला, पीपीपीओईचे (कंपनीच्या जोडणीत लॉगिन करण्याचे) युजरनेम-पासवर्ड आणि लागेल तिथे व्हीलॅन नंबर आपल्या राऊटरमध्ये भरला, की दुसरे काम आपल्याकडे येते. महावितरणच्या मीटरपुढची वायरिंग जशी घरमालकाची, तसाच हा प्रकार.

गावातल्या घराला याची खरी गरज आहे. फायबर ओसरीत शिरते, म्हणून डबाही ओसरीतच बसतो. आणि मातीच्या जाड भिंतींपुढे 5 गिगाहर्ट्झचा वायफाय लवकर दम तोडतो. लॅन केबल ओढून चांगला राऊटर माजघरात ठेवला, की मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीलाही नेट मिळते.

‘मग बिघाड कुणाचा?’ हा प्रश्न चुटकीसरशी सुटतो. ओएनटीवर एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला, तर दोष फायबरचा. तिथे राऊटरचा संबंधच नाही. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असेल, तर राऊटर काढून लॅपटॉप थेट ओएनटीला जोडावा आणि तेच युजरनेम टाकावे. नेट चालले तर दोष आपल्या राऊटरचा, नाही चालले तर कंपनीने बघावे.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र वजनदार आहे. कंपनी आपला डबा दुरून अद्ययावत करू शकते. आपल्या राऊटरचे फर्मवेअर आपल्यालाच बघावे लागते. ज्याला ते जमणार नाही, त्याने कंपनीचाच ठेवावा. पण ही निवड ग्राहकाने करायची आहे. युरोपियन संघाच्या 2015 च्या नियमाने आपल्या पसंतीचे उपकरण वापरण्याचा हक्क ग्राहकाला दिला. जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून जोडणीची माहिती ग्राहकाने न मागताच कंपनीने फुकट द्यायची असते.

आपल्याकडे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट झाली. या योजनेचा पैसा जनतेचा आहे. त्या फायबरवरून घरोघरी जोडणी देणाऱ्याने युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर पहिल्या पावतीवरच लिहून द्यावा, आणि ब्रिज मोड मागितला तर नाही म्हणू नये, अशी अट करारातच हवी. ग्रामसभेने ती ठरावात घालून मागावी.