‘थंड’ बंदूक आणि ‘योग्य सावधगिरी’

दि. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे नगरानजीक, ‘रस्ट’ नामक चित्रपटाची तालीम एका लहानशा चर्चच्या इमारतीत चालू होती. नट अ‍ॅलेक बॉल्डविन याने कमरेचे रिव्हॉल्व्हर उपसून कॅमेऱ्याच्या दिशेने रोखले आणि बार उडाला. छायालेखिका हलीना हचिन्स हिच्या देहातून गेलेली गोळी मागे उभ्या असलेल्या दिग्दर्शकाच्या खांद्यात रुतली. तो वाचला; हचिन्स त्याच दिवशी मरण पावली. शेरीफच्या कार्यालयाने न्यायालयास सादर केलेल्या शपथपत्रात अशी नोंद आहे की, शस्त्र नटाच्या हाती देताना साहाय्यक दिग्दर्शकाने ‘कोल्ड गन’ असे मोठ्याने पुकारले होते.

भाषेच्या अभ्यासकास या दोन शब्दांपाशी थांबणे भाग आहे. चित्रपटव्यवसायात ‘थंड’ म्हणजे जिच्यात दारू भरलेले काडतूस नाही अशी बंदूक. परंतु ही पुकार केवळ माहिती देत नाही. ती ऐकणाऱ्याला शोधाशोधीतून मोकळे करते आणि बोलणाऱ्याला बांधून घेते. व्याकरणदृष्ट्या ते विधान असले तरी व्यवहारात ती हमी ठरते. अशी हमी लागण्याचे कारणही आहे. पडद्यावर रिव्हॉल्व्हर भरलेले दिसावे म्हणून त्यात खोटी काडतुसे घालतात. त्यांना खऱ्यासारखीच शिशाची गोळी असते, आत दारू मात्र नसते. एखाद्याच्या बाजूस भोक असते, एखादे कानाशी हलविले असता आतील छरा खुळखुळतो. एरव्ही नजरेला भेद कळत नाही. (दारू भरलेल्या काडतुसाला इंग्रजीप्रमाणे मराठीनेही ‘जिवंत’ म्हणावे, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे.) ‘रस्ट’च्या स्थळी, प्राण घेणारे काडतूस धरून, अशी सहा जिवंत काडतुसे सापडली.

न्यू मेक्सिकोच्या कायद्यात अनैच्छिक मनुष्यवधाची जी व्याख्या आहे तिच्यातील एक पर्याय असा : मृत्यू घडवू शकेल असे कायदेशीर कृत्य ‘योग्य सावधगिरी व अवधान न राखता’ करणे. हे शब्द त्या राज्यात जन्मलेले नाहीत. इंग्रज विधिज्ञ ब्लॅकस्टोन याच्या १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात ते जवळजवळ याच रूपात आढळतात. निर्दोष अपघाताचे त्याने दिलेले उदाहरण कुऱ्हाडीचे आहे : माणूस काम करीत असता पाते दांड्यातून निसटते आणि जवळ उभा असलेला मनुष्य मरतो. या उदाहरणाचे मूळ बायबलच्या अनुवाद या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तीच कुऱ्हाड १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८० चे उदाहरण म्हणून आली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ खालीही ती कायम आहे. सांता फे येथील नट आणि आपल्याकडील लाकूडतोड्या अशा रीतीने एकाच शब्दकुळाखाली येतात. मात्र कुऱ्हाडीच्या दृष्टान्तात हत्यार एकाच्या हाती आहे. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा प्रसंगच तेथे उद्भवत नाही.

तो प्रसंग बंदुकीमुळे उद्भवला. १६६४ मधील एक इंग्रजी निवाडा केलिंगच्या संग्रहात आहे. एका मनुष्याला रस्त्यात पिस्तूल सापडले. त्याने गज घालून पाहिला, ते रिकामे वाटले. घरी बायकोला दाखविताना बार उडून ती मेली. न्यायालयाने हा मनुष्यवध ठरविला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १७६२ च्या आपल्या ग्रंथात, न्यायमूर्ती फॉस्टर यांनी हा निवाडा कठोर असल्याचे मत देऊन स्वतःपुढे चाललेला एक खटला सांगितला आहे. रविवारी एक गृहस्थ पत्नीसह मित्राकडे जेवावयास गेला. जेवणापूर्वी त्याने बंदुकीचा बार काढून ती रिकामी केली व आडबाजूस ठेवली. तो चर्चमध्ये असता घरातील कोणीतरी ती गुपचूप भरून शिकारीस नेली आणि भरलेलीच जागेवर आणून ठेवली. संध्याकाळी घरी परतल्यावर त्याने ती उचलली, चापाला हात लागला आणि जिच्यावर त्याचे अत्यंत प्रेम होते ती पत्नी ठार झाली. बंदूक घरी नेण्यापूर्वी त्याने तपासली होती काय, हे आपण विचारले नाही, असे फॉस्टर मोकळेपणाने लिहितात. ती भरलेली नाही असे मानण्यास त्याला वाजवी आधार होता, तेवढे त्यांना पुरेसे वाटले. आरोपी सुटला.

बॉल्डविनच्या बचावाचा गाभा हाच होता, पण एक फरक विसरून चालणार नाही. फॉस्टरच्या आरोपीचा विश्वास स्वतःच्या कृतीवर टेकलेला होता. बॉल्डविनचा दुसऱ्याच्या पुकारीवर. शिवाय आपण चाप ओढलाच नाही, असेही बॉल्डविनचे सांगणे होते. शस्त्रतज्ज्ञ असणे हे नटाचे काम नव्हे, असे नटांच्या संघटनेने जाहीर केले. अभियोगपक्षाचे म्हणणे असे की, बंदूक माणसावर रोखणाऱ्याचे कर्तव्य दुसऱ्याच्या हमीने संपत नाही. माझ्या मते अभियोगपक्षाची बाजू वाटते तितकी दुबळी नाही, कारण त्या वेळी चित्रीकरण नव्हे, तालीम चालू होती. तथापि तज्ज्ञाने तपासलेले शस्त्र नटाने पुन्हा उघडावे, तर तज्ज्ञ नेमण्याचे प्रयोजन काय, हाही प्रश्न उरतोच.

निकाल लागले ते असे. साहाय्यक दिग्दर्शकाने २०२३ मध्ये शस्त्राच्या हयगयीच्या वापराचा आरोप न लढविता सहा महिन्यांची परिवीक्षा पत्करली. शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीस मार्च २०२४ मध्ये ज्युरीने अनैच्छिक मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. एप्रिलमध्ये तिला कमाल, म्हणजे अठरा महिन्यांची शिक्षा झाली. निर्मितीसंस्थेला राज्याच्या कामगारसुरक्षा विभागाने ठोठावलेला १,३६,७९३ डॉलरचा दंड तडजोडीने १,००,००० वर आला. येथे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील रथापघाताचे श्लोक आठवतात : सारथी कुशल असूनही चुकला तर दंड सारथ्याला, तो अकुशल असेल तर दंड स्वामीला. सांता फेच्या न्यायाधीशांनी मात्र बॉल्डविनच्या निर्मातेपणाचा पुरावा खटल्याच्या आरंभीच वगळला. ज्युरीपुढे तो केवळ शस्त्र धरणारा हात म्हणून उभा राहणार होता.

तसेही पुरते घडले नाही. साक्षी सुरू झाल्यावर, मार्च २०२४ मध्ये कार्यालयात जमा झालेली काही काडतुसे निराळ्या क्रमांकाखाली नोंदवून बचावपक्षापासून दडविल्याचे उघड झाले. १२ जुलै २०२४ रोजी न्यायाधीशांनी खटला पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीने काढून टाकला. त्यावरील अपील अभियोगपक्षाने डिसेंबरमध्ये मागे घेतले. फॉस्टरने आपल्या ज्युरीला विचारलेला वाजवी आधाराचा प्रश्न या ज्युरीपुढे आलाच नाही.