मतचाचणी कशी होते आणि सिंदेवाहीचे मत त्यात कुठे असते?

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या मताचा अर्थ सांगणाऱ्यांची गर्दी होते. जून २०२४ मध्ये महाविकास आघाडीला राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. बौद्ध समाजाने संविधानाच्या मुद्द्यावर एकगठ्ठा मतदान केले, असे तेव्हा सगळ्यांनी सांगितले. कोणी त्याला जागृती म्हटले, तर कोणी 'फेक नॅरेटिव्ह'. नोव्हेंबरमध्ये महायुतीने विधानसभेच्या २८८ पैकी २३० च्या वर जागा घेतल्या आणि कारण लगेच 'लाडकी बहीण' ठरले. या दोन्ही वेळी मतदाराला कोणी विचारले होते का, हे मात्र फार थोड्यांनी तपासले.

आपल्या सिंदेवाहीचेच बघू. हा तालुका ब्रह्मपुरी विधानसभा मतदारसंघात येतो आणि ब्रह्मपुरी गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात. लोकसभेला इथून काँग्रेसचे नामदेव किरसान निवडून आले. विधानसभेला वारे फिरले, चंद्रपूर जिल्ह्यातील सहापैकी पाच जागा भाजपकडे गेल्या, पण ब्रह्मपुरीत काँग्रेसचे विजय वडेट्टीवार कायम राहिले. म्हणजे मुंबईत बसून सांगितलेली राज्याची गोष्ट इथे जशीच्या तशी बसत नाही. ती का बसत नाही, याची दहा उत्तरे बसस्थानकाजवळच्या टपरीवर मिळतील. पण त्यातले कोणते खरे, हे ठरवायचे तर शास्त्रशुद्ध पद्धतीने लोकांना विचारावे लागते. हे काम विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी कसे उभे केले, ते आपल्या तरुणांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात याची सुरुवात पुणे विद्यापीठातून झाली. तिथले राज्यशास्त्राचे प्रा. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीतील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला. दिल्लीत रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये सीएसडीएस ही संस्था स्थापन केली. तिने १९६७ मध्ये पहिला राष्ट्रीय निवडणूक अभ्यास केला. १९९७ पासून हे काम तिच्या 'लोकनीती' या उपक्रमातून चालते. सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे, नितीन बिरमल या महाराष्ट्रातील अभ्यासकांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत.

लोकनीतीची पद्धत एक्झिट पोलपेक्षा वेगळी आहे. एक्झिट पोलमध्ये मतदान करून बाहेर पडणाऱ्याला केंद्राबाहेरच विचारतात. लोकनीतीत आधी मतदारसंघ आणि मग मतदान केंद्रे शास्त्रीय नमुना पद्धतीने निवडतात. त्यानंतर मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे घेतली जातात. यादीत ज्याचे नाव आले त्यालाच भेटायचे. शेजारचा सापडला म्हणून त्याला विचारून काम भागवायचे नाही. मुलाखत घरी होते, बहुधा मतदानानंतर आणि मतमोजणीच्या आधी. मुलाखत घेणारे बहुतेक विद्यार्थीच असतात. 'मत कोणाला दिले' हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. खोटी मतपत्रिका आणि छोटी पेटी पुढे करतात. मतदार शिक्का मारून कागद पेटीत टाकतो, त्यामुळे शेजारी सरपंच बसला असला तरी त्याला काही कळत नाही.

नमुना किती मोठा, यापेक्षा तो कसा निवडला हे महत्त्वाचे. याचा धडा १९३६ च्या अमेरिकेतला आहे. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने तेवीस लाखांच्या आसपास उत्तरे जमवली आणि लँडन अध्यक्ष होणार असे छापले. निवडून आले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून. साप्ताहिकाने नावे घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. मंदीने पोळलेला गरीब मतदार त्या याद्यांत फारसा नव्हताच. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. आपल्या ग्रुपवर येणारी 'मत द्या आणि पुढे पाठवा' ही लिंक म्हणजे तोच डायजेस्टचा प्रकार. ती आपण कितीही उत्साहाने पुढे पाठवली तरी तिच्यातून तालुक्याचे मत कळत नाही.

आता 'बौद्धांचे मत' या आकड्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात बौद्ध सुमारे ५.८ टक्के आहेत. समजा, राज्यात ३,००० जणांचे सर्वेक्षण झाले. त्यात बौद्ध निघतील १७५ च्या आसपास. त्यांच्यापैकी ७० टक्क्यांनी एका आघाडीला मत दिले असे आले, तर खरा आकडा साधारण ६३ ते ७७ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यात या १७५ पैकी सिंदेवाहीचे किती? चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून विधानसभेच्या ९ जागा आहेत. राज्यातून ४० मतदारसंघ निवडले तर या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला सरासरी एकच येतो. म्हणजे टीव्हीवर 'विदर्भातील बौद्धांनी असे केले' असे ऐकू आले की आधी मूठभर मुलाखतींची आठवण ठेवावी.

नोंद कशी होते, हाही प्रश्न आहे. कोणी 'बौद्ध' सांगतो, कोणी 'नवबौद्ध', कोणी 'महार', कोणी नुसते 'जयभीम'. तक्ता करताना हे सगळे एकत्र धरले की वेगळे, आणि 'दलित' या रकान्यात चर्मकार, मातंग यांच्यासोबत मिसळले का, यावर निष्कर्ष बदलतो. अहवाल वाचताना आम्ही पहिल्यांदा हेच बघतो.

भाषेचे आणि मुद्द्यांचेही तसेच. प्रश्नावली पुण्याच्या मराठीत, उत्तर देणारी बाई झाडीबोली बोलणारी. 'सर्वात महत्त्वाचा मुद्दा कोणता' याखाली महागाई, बेरोजगारी, विकास असे तयार पर्याय असले तर वाघ कुठे नोंदवायचा? मे २०२५ मध्ये याच तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. ज्या घरातली बाई सकाळी जंगलात जाते, त्या घरचे मत 'इतर' या रकान्यात जाते. म्हणून चांगले संशोधक असा प्रश्न खुला ठेवतात आणि उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घेतात.

मत बनते कसे, यावरही जुने काम आहे. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच पुढे पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या निवडणुकीचा अभ्यास केला. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतला प्रचार थेट सर्वांपर्यंत पोहोचत नाही. गावातल्या काही विश्वासू माणसांमार्फत तो पुढे झिरपतो, असे त्यांना दिसले. झाडीपट्टीत अशी माणसे ओळखायला वेळ लागत नाही. बुद्धविहारातले ज्येष्ठ, बचत गटाची अध्यक्ष, मंडईच्या रात्री नाटकाच्या उद्घाटनाला स्टेजवर बसणारे पुढारी. आता त्यात ग्रुप ॲडमिन आला आहे.

कायदा थोडक्यात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत इतर मतचाचण्यांनाही बंदी असते.

या कामात धोकाही आहे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी लोकनीतीचे संजय कुमार यांनी रामटेक, हिंगणा यांसारख्या मतदारसंघांतील मतदारसंख्येचे चुकीचे आकडे समाजमाध्यमावर टाकले. दोन दिवसांत त्यांनी ते काढले आणि माफी मागितली. तरी नागपूर आणि नाशिक जिल्ह्यांत गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्थगिती दिली. चूक मोठीच होती. पण माफीनंतरही अभ्यासकाला पोलीस ठाणे गाठावे लागणार असेल, तर उद्या खरा आकडासुद्धा कोणी तोंडातून काढणार नाही, असे आम्हाला वाटते.

सिंदेवाहीला विद्यापीठ माहीत आहे ते धानामुळे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र इथे आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेडचे दलित शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकरात एचएमटी धान शोधला. १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. आपले बियाणे नेले, पण श्रेय दिले नाही, ही दादाजींची तक्रार ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत कायम होती. मुलाखत देणाराही बियाणेच देतो. म्हणून मुलाखत घेणारा दारात आला की हाकलू नका, पण विचारा: कोणत्या संस्थेकडून आलात, पैसा कोणाचा, माझे नाव गुप्त राहील ना, आणि निष्कर्ष आम्हाला कुठे वाचायला मिळतील? लोकनीती आपल्या प्रश्नावल्या आणि तक्ते प्रसिद्ध करते. जी संस्था ते करत नाही, तिच्या आकड्यावर आम्ही बातमी करत नाही.

२०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. राज्यशास्त्राच्या एका वर्गाला ब्रह्मपुरी मतदारसंघाचा अभ्यास झेपण्यासारखा आहे: वीस केंद्रे, प्रत्येकी वीस मतदार, मिळून चारशे मुलाखती. एवढ्यात साधारण पाच टक्के इकडेतिकडे धरून मतदारसंघाचे चित्र मिळते. मतदार यादी निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळते. रोवणी आटोपल्यावर आणि कापणीला हात लागायच्या आधी जावे. तेव्हा माणसे घरी सापडतात.