अन्नसुरक्षेवरील ग्राहकविश्वास

विकतचे अन्न निर्धोक आहे की नाही, हे ग्राहकाला स्वतः तपासता येत नाही. कुणाच्या तरी शब्दावर विसंबावे लागते. कुठे तो शब्द सरकारचा असतो, कुठे कंपनीचा, कुठे वर्षानुवर्षे रतीब घालणाऱ्या गवळ्याचा.

ब्रिटनमध्ये तो सरकारचा होता. गुरांना होणारा बीएसई हा मेंदूचा रोग (बोलण्यात ‘मॅड काऊ’) तेथे १९८६ मध्ये ओळखला गेला. गोमांस निर्धोक असल्याचे पटवण्यासाठी मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला. २० मार्च १९९६ रोजी त्यांच्याच पक्षाच्या सरकारला संसदेत कबूल करावे लागले, की माणसांत दिसलेल्या नव्या मेंदूविकाराचा या रोगाशी संबंध असावा. तो बर्गर लोक अजून विसरलेले नाहीत. २००० मध्ये फूड स्टँडर्ड्स एजन्सी स्थापन झाली, ती शेतीखात्याच्या बाहेर. पिकवणाऱ्याचा कैवारी खाणाऱ्याचाही पंच होऊ शकत नाही, हे उशिरा का होईना उमगले होते.

चीनमधील २००८ चे प्रकरण अधिक भीषण. दुधात पाणी घातले की प्रथिने घटतात. पण नेहमीच्या तपासणीत प्रथिने थेट न मोजता नायट्रोजन मोजून अंदाज बांधत, म्हणून मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळले गेले. (आपल्याकडे दुधात युरिया घालणाऱ्यांचा हिशेब फारसा वेगळा नाही.) अशा दुधाच्या पावडरीने सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. दोघांना देहदंड झाला, सान्लू ही दूधपावडर कंपनी बुडाली, तरी आईबापांचा देशी डब्यावर विश्वास बसेना. परदेशी दूधपावडरीसाठी हाँगकाँगची दुकाने इतकी रिकामी होऊ लागली, की मार्च २०१३ पासून बाहेर जाणाऱ्यास १.८ किलो, म्हणजे दोनच डबे नेण्याची मुभा उरली.

जपानमध्ये २००१ मध्ये बीएसई आढळल्यावर देशी गोमांसाच्या पाकिटावर दहा अंकी क्रमांक आला. त्यावरून जनावराची जन्मतारीखही कळते.

भारतात जून २०१५ मध्ये मॅगी नूडल्सवर, असुरक्षित ठरवून, बंदी आली. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती रद्द केली आणि नव्याने तपासणी करायला सांगितले. नोव्हेंबरमध्ये पाकिटे पुन्हा दुकानात आली. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. तो वाचून माल घेणारे विरळाच. सुट्या दुधाची पारख तर अजून साय किती जाड धरली यावरच होते. सायीवरून फॅट कळते, युरिया कळत नाही.