शेततळे : जागा निवडतानाच सांडवा ठरवा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला व अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने विहीर किंवा बोअरचे पाणी ओलितासाठी भरवशाचे नसते. येथे पावसाचे पाणी साठविणारे शेततळे हाच मोठा आधार आहे. मात्र जागा चुकली किंवा सांडवा ठेवला नाही, तर तळे भरून वाहणारे पाणी धुरा फोडते आणि खालच्या शेतातील माती, उभे पीक वाहून नेते.

जागेची निवड
- शेताचा उतार पाहून पाणी नैसर्गिकरीत्या गोळा होणारी सखल जागा निवडावी. नाल्याच्या पात्रात तळे खोदू नये. पुरात ते गाळाने भरते.
- सांडव्याचे पाणी नाल्यात किंवा गवताच्या चरात सोडता येईल, अशीच जागा घ्यावी. शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडू नये.
- आधी चाचणी खड्डा घ्यावा. मुरूम लागल्यास पाणी झिरपते, तेथे अस्तरीकरण करावे लागते. खारे भूजल लागेल इतके खोल जाऊ नये.

आकारमान
एक हेक्टरवरून हंगामात १० सें.मी. अपधाव आल्यास १,००० घनमीटर पाणी मिळते. वर ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १.५:१ बाजू उताराच्या तळ्यात सुमारे १,९७० घनमीटर पाणी मावते. म्हणजे त्यासाठी किमान दोन हेक्टरचे पाणलोट क्षेत्र हवे.

खोदकाम
- खारपाणपट्ट्यातील चोपण माती ओली होताच विरघळते व ढासळते. त्यामुळे बाजू उभ्या न ठेवता १.५:१ ते २:१ उतार द्यावा (उभ्या १ मीटरला आडवे दीड ते दोन मीटर).
- खोदलेली माती काठापासून किमान एक मीटर सोडून टाकावी. पाणी येण्याच्या बाजूला ढीग करू नये.
- आवक चरात तळ्याच्या अलीकडे साधारण २ × २ × १ मीटरचा गाळ खड्डा घ्यावा. पाणी आत उतरते तेथे दगडी पिचिंग करावे.
- सांडव्याची पातळी आवक चरापेक्षा खाली, पण काठापेक्षा किमान ५० सें.मी. खाली ठेवावी. रुंदी आवकेपेक्षा जास्त असावी. तळाला दगड, पुढे मारवेल किंवा वाळा लावावा.

देखभाल
मृगाआधी गाळ खड्डा रिकामा करावा. पहिल्या जोरदार पावसात स्वतः उभे राहून सांडव्याचे पाणी कुठे जाते ते पाहावे; घळ पडू लागल्यास लगेच दगड भरावेत. भोवती कुंपण करावे आणि आत उतरणारा दोर काठाला पक्का बांधून ठेवावा. निसरड्या काठावरून लहान मूल पडल्यास त्याला वर येता येत नाही.

५ सें.मी.ची एक पाळी हेक्टरी ५०० घनमीटर पाणी घेते. बाष्पीभवन वजा जाता उरलेल्या पाण्यातून हरभऱ्याला फुलोऱ्यापूर्वी व घाटे भरताना संरक्षित ओलीत देता येते.